स्टीलचा थर्मल कॉफी पॉट, काही महिन्यांनंतर: गरम छान राहते, पण डागांचं काय?

कॉफी गरम ठेवण्याच्या बाबतीत या पॉटबद्दल माझी काही तक्रार नाही. दुहेरी भिंत, मध्ये निर्वात पोकळी, एक लिटरची क्षमता. सकाळी भरलेली कॉफी दुपारपर्यंत पिण्याजोगी गरम असते. चोचीतून ओघळ येत नाही, मूठ तापत नाही. नव्या पॉटबद्दल लोक एवढंच लिहितात आणि ते चूक नाही. पण रोज वापरलात तर महिन्याभरात आत तपकिरी राप चढायला लागतो. पुढे तो इतका दाट होतो की आत टॉर्च मारली तर तळ दिसतच नाही. म्हणून हा अनुभव मुख्यतः सफाईचा आहे.

आधी एक दिलासा. हा डाग स्टीलला पडलेला नसतो, स्टीलवर बसलेला असतो. अशी भांडी बहुतेक वेळा १८/८ प्रकारच्या स्टीलची असतात, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच गंजापासून राखतो. कॉफीतलं तेल आणि भाजताना तयार होणारी गडद रंगद्रव्यं या थरावर पुटं चढवत जातात. राप नुसता दिसायला वाईट असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण त्यातलं तेल हळूहळू खवट होतं आणि ताज्या कॉफीलाही शिळा, कडवट वास लागतो. कॉफीची चव बिघडल्यासारखी वाटली तर पावडर बदलण्याआधी पॉटमध्ये नाक घालून बघा.

भांड्याच्या साबणाने हा राप हलत नाही. घासायला जावं तर गळा इतका अरुंद की हात आत जात नाही आणि बाटलीचा ब्रश खांद्याच्या वळणाला पोहोचत नाही. खाण्याचा सोडा आणि गरम पाणी रात्रभर ठेवलं तर कोवळा डाग निघतो, जुना फक्त फिका होतो. मूठभर कच्चे तांदूळ आणि थोडं पाणी घालून हलवण्याची युक्तीही बरी आहे, विशेषतः तळाशी, पण वरच्या भागाला तिचा उपयोग नाही.

खरं काम केलं ते सोडियम परकार्बोनेटने. कपड्यांसाठी ‘ऑक्सिजन ब्लीच’ म्हणून जी पांढरी पावडर मिळते, त्यातला मुख्य घटक हाच. घेताना सुगंध किंवा इतर डिटर्जंट न मिसळलेली पावडर बघून घ्या. पाण्यात पडली की तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा असे दोन्ही सुटतात. सोडा तेल सोडवतो, पेरॉक्साइड रंग घालवतं. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा पुरतो, पाणी मात्र चांगलं कढत हवं. कोमट पाण्यात ती फार संथ चालते. पॉट सिंकमध्ये ठेवायचा, कारण फेस वर येऊन बाहेर सांडतो. अर्ध्या तासाने ओतलं तर चहासारखं तपकिरी पाणी निघतं आणि आतला तळ पुन्हा चकाकतो. घासावं लागत नाही. जुना राप असेल तर हेच दुसऱ्यांदा करायचं. मग दोन-तीनदा खळखळून धुवायचं.

यात एक गोष्ट जिवावर बेतू शकते: हे द्रावण आत असताना झाकण घट्ट लावू नका, हलवायलासुद्धा नाही. ऑक्सिजन सुटत राहतो, आत दाब वाढतो आणि झाकण गरम पाण्यासकट उडू शकतं. पावडर हाताळताना हातमोजे घाला.

राप गेल्यावर आत पांढुरके ठिपके किंवा इंद्रधनुषी छटा दिसली तर तो वेगळा मामला. पांढरे ठिपके म्हणजे जड पाण्यातले क्षार. त्यांच्यापुढे सोडा हतबल, तिथे आम्ल लागतं. गरम पाण्यात चमचाभर लिंबूफूल म्हणजे सायट्रिक ॲसिड घालून थोडा वेळ ठेवलं की साफ. रंगीत छटाही बहुधा त्यानेच जाते आणि राहिली तरी अपाय नसतो. व्हिनेगरही चालतं, पण वास रेंगाळतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा सल्ला जागोजागी दिसतो. फसफसताना भारी वाटतं, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं जवळजवळ निरुपयोगी खारट पाणी. वापरायचेच तर एकामागून एक, मध्ये धुऊन.

क्लोरीनचं ब्लीच या पॉटमध्ये अजिबात नको. क्लोराइड तो संरक्षक थर फोडतं आणि स्टीलला बारीक खड्डे पडतात, ते मग भरून येत नाहीत. त्यात आम्ल मिसळलं तर विषारी वायू सुटतो, ते वेगळंच. तारेची घासणीही दूर ठेवा. ओरखड्यांत राप आणखी घट्ट बसतो आणि लोखंडी तारेचे कण अडकून गंजाचे ठिपके दिसायला लागतात. पॉट अख्खा पाण्यात बुडवून ठेवू नका. बुडाच्या जोडात पाणी शिरलं तर निघता निघत नाही. पॉटचं बाहेरचं अंग गरम लागायला लागलं तर निर्वात पोकळी गेली असं समजा, त्याला घरी इलाज नाही.

आता माझी खरी तक्रार: झाकण. पॉट आरशासारखा होतो, पण झाकणातली दाबायची कळ आणि आतली नळी सुटी होत नाही. कॉफी तिथे साचते आणि वास तिथूनच येतो. बनवणाऱ्याने इथे कंजुषी केली आहे. मी झाकण उलटं करून वाटीभर त्याच द्रावणात ठेवतो, कळ दाबलेल्या स्थितीत, म्हणजे पाणी नळीतून फिरतं. सिलिकॉनची रिंग निघते, ती वेगळी भिजवायची आणि पूर्ण वाळवूनच परत बसवायची. तिचा वास मात्र कधी पुरता जात नाही.

पॉटला पाचपैकी चार, झाकणाला दोन. नवा घेणार असाल तर गळ्यात हात जातो का ते बघा, झाकण पूर्ण सुटं करून बघा आणि रिंग वेगळी विकत मिळते का ते विचारा. माझ्या पॉटची मिळत नाही.