थ्रेड लिफ्टचे ‘पूर्ण पॅकेज’ आणि माझे गेलेले ६,२७,४८० रुपये

नागपुरात, आणि अमरावती, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागांत, ज्यांचे लहानसे स्किन क्लिनिक किंवा मेडिकल स्पा आहे आणि जे सध्या थ्रेड लिफ्ट, म्हणजे विरघळणारे धागे घालून चेहऱ्याची ओघळलेली कातडी वर उचलण्याचा उपचार, सुरू करण्याच्या विचारात आहेत, त्यांनी पैसे भरण्याआधी हे वाचावे, एवढ्यासाठी लिहीत आहे. या उपचाराचे धागे विकणाऱ्या एका कंपनीपायी माझे एकूण ६,२७,४८० रुपये गेले. त्यातले २५,००० रुपये ‘बुकिंग’ म्हणून यूपीआयने, त्यानंतर २,५०,००० आणि ३,१०,००० रुपये आरटीजीएसने, आणि ४२,४८० रुपये दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचे, म्हणजे ३६,००० अधिक १८ टक्के जीएसटी. त्या प्रशिक्षणाचे बिल माझ्या जीएसटी खात्यात आजतागायत दिसलेले नाही.

धरमपेठेत माझे क्लिनिक गेली कित्येक वर्षे व्यवस्थित चालू आहे. लेझर, केमिकल पील आणि मुरुमांच्या व्रणांवरचे उपचार आमच्याकडे होतात, आणि वैद्यकीय स्वरूपाचे प्रत्येक काम ठरलेल्या दिवशी येणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरच करतात. पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका गाल ओघळल्याची, जबड्याची रेषा सैल झाल्याची तक्रार घेऊन येतात, शस्त्रक्रियेला घाबरतात आणि शेवटी रामदासपेठेतल्या मोठ्या केंद्रात किंवा मुंबईला जातात. त्यामुळे थ्रेड लिफ्ट सुरू करण्याचा विचार हावरेपणाचा मुळीच नव्हता. हा उपचारही खोटा नाही. पीडीओ म्हणजे पॉलीडायॉक्सॅनोन, ज्याचे विरघळणारे टाके शस्त्रक्रियेत पूर्वीपासून वापरले जातात, त्याचेच हे धागे असतात. मोनो धागे साधे आणि पातळ असतात, तर कॉग धाग्यांना बारीक काटे असतात आणि ते आतल्या ऊतींत रुतून कातडी वर धरतात. योग्य डॉक्टरच्या हातून, योग्य रुग्णावर, माफक अपेक्षा ठेवून केला तर उपचार चांगला आहे, आणि तो चांगला आहे म्हणूनच त्याच्या आडून फसवणे असल्या विक्रेत्यांना सोपे जाते.

कंपनीचा प्रतिनिधी म्हणून आलेला माणूस अस्सल वऱ्हाडी बोलणारा होता, डॉक्टरांशी अदबीने वागत होता आणि आपल्या बहिणीचे सासर साकोलीला असल्याचे सांगत होता. पॅकेजची किंमत ५,८५,००० रुपये होती. त्यात ६०० मोनो आणि १६० कॉग धागे, कॅन्युला (धागा आत घालण्याची बारीक नळी), वर्षभर रुग्ण पाठवण्याची हमी, आणि न वापरलेला माल ७० टक्के किमतीला परत घेण्याचे लेखी आश्वासन होते. एका रुग्णामागे ३५,००० रुपये धरले तर सतरा रुग्णांत पैसे वसूल, असा तक्ता त्याने माझ्यासमोर ठेवला. ‘परिणाम पाच वर्षे टिकतो’ असे माहितीपत्रकात छापलेले होते. आमच्या डॉक्टरांनी त्यावर लगेच हरकत घेतली, कारण पीडीओचा धागा साधारण सहा ते आठ महिन्यांत शरीरात विरघळून जातो आणि त्यानंतर उरतो तो त्याच्याभोवती तयार झालेल्या कोलॅजेनचा परिणाम, जो वर्षाच्या आसपास टिकला तरी पुष्कळ. प्रतिनिधीने हरकत तत्काळ मान्य केली आणि छपाईतली चूक दुरुस्त करतो म्हणाला. चूक मान्य करणाऱ्या माणसावर विश्वास बसतो, आणि त्याने तो अशाच रीतीने मिळवला. पाच वर्षांचा दावा करणाऱ्या विक्रेत्याला तिथल्या तिथे दार दाखवावे, दुरुस्तीची संधी देऊ नये.

आता ज्या क्षणाचा मला आजही संताप येतो, तो सांगते. दुसऱ्या हप्त्यासाठी आलेल्या प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर, म्हणजे पैसे भरण्याआधीच्या कच्च्या बिलावर, सर्वांत वर ठळक अक्षरांत ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असे नाव होते आणि खाली बँक खाते होते एका व्यक्तीच्या नावावर. मी विचारले नाही असे नाही. मी फोन करून विचारले, आणि कंपनीचे खाते लेखापरीक्षणामुळे काही दिवस बंद आहे, हे संचालकांचे खाते आहे, असे उत्तर मिळाले, आणि त्या खुलाशाचे शिक्का मारलेले पत्रही तासाभरात आले. लग्नसराई तोंडावर होती, चार रुग्णांनी प्रत्येकी ५,००० रुपये आगाऊ भरून तारखा घेतल्या होत्या, आणि प्रशिक्षणाची जागा आठवड्याच्या शेवटापर्यंतच राखून ठेवू असे सांगण्यात आले होते. ज्याने कधी व्यवसाय चालवला आहे त्याला हे दडपण कसे असते ते ठाऊक असेल. ज्याने चालवलेला नाही त्याने ‘एवढे कसे कळले नाही’ असे विचारण्याची घाई करू नये. पण त्या कागदावरच सगळे लिहिलेले होते, ही गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, म्हणजे महाराष्ट्राचे २७ आणि दिल्लीचे ०७. त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. पॅनमधले चौथे अक्षर धारक कोण आहे ते सांगते: कंपनीसाठी ‘सी’, भागीदारी संस्थेसाठी ‘एफ’, एकट्या व्यक्तीसाठी ‘पी’. म्हणजे जीएसटी क्रमांकातले सहावे अक्षर पाहिले की समोर खरोखर कंपनी आहे का, ते कळते. माझ्या हातातल्या कागदावर वर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ होते आणि क्रमांकात सहावे अक्षर ‘पी’ होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणताही क्रमांक फुकट तपासता येतो, त्यासाठी लॉगिनही लागत नाही. मी नंतर तो तपासला तेव्हा ती नोंदणी रद्द झालेली होती, आणि रद्द झाल्याची तारीख माझ्या ३,१०,००० रुपयांच्या आधीची होती. माझे सीए, माझी बँक, कोणीही मला हे सहावे अक्षर कधी दाखवले नव्हते. तुम्ही ते आजच पाहा.

प्रशिक्षण वर्धा रोडवरच्या एका हॉटेलच्या सभागृहात झाले. दोन दिवसांचे ठरलेले काम एका दिवसात गुंडाळले गेले, ज्या रुग्णावर प्रात्यक्षिक होणार होते ती आलीच नाही, आणि रबरी चेहऱ्यावर दोन धागे घालून दाखवून सर्वांना ‘आंतरराष्ट्रीय’ प्रमाणपत्रे वाटण्यात आली. आमचे डॉक्टर सोबत होते म्हणून त्यांना ते हास्यास्पद वाटले. पण त्याच सभागृहात ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या स्त्रियाही बसल्या होत्या आणि ‘तुम्ही स्वतः करू शकता’ असे त्यांना व्यासपीठावरून सांगितले जात होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे की, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे हे सौंदर्यविषयक प्रक्रिया सुरू करण्यासाठी पुरेसे प्रशिक्षण नव्हे. गालाच्या आत चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या शाखा असतात, लाळग्रंथीची नलिका असते. डॉक्टर नसलेल्या कोणीही तिथे सुई घालू नये, प्रमाणपत्र कितीही चकचकीत असले तरी.

माल आला तो ऐन मे महिन्यात, नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, साध्या खोक्यात, आणि कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामात काही दिवस पडून राहिल्यानंतर. पीडीओला ओलावा आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत; म्हणून तर ते ॲल्युमिनियमच्या हवाबंद पाकिटात येतात. पहिल्या रुग्णाच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी एक पाकीट प्रकाशात धरून पाहिले तेव्हा मुदतीच्या तारखेवर दुसरे लेबल चिकटवलेले दिसले. स्पिरिटच्या बोळ्याने ते सोडवल्यावर खालची छापील तारीख निघाली आणि ती दोन वर्षांपूर्वीची होती. मग आम्ही एकेक खोके तपासले. बहुतेक पाकिटांवर हेच होते, काहींच्या कडा पुन्हा चिकटवल्यासारख्या होत्या, आणि आयातदाराचे नाव, पत्ता किंवा आयात परवान्याचा क्रमांक एकाही पाकिटावर नव्हता. असला धागा आत गेल्यावर तुटू शकतो, आणि पाकीट निर्जंतुक राहिलेले नसेल तर चेहऱ्यात संसर्ग होऊ शकतो. आम्ही तो एकाही रुग्णाला लावला नाही आणि चौघींचे मिळून २०,००० रुपये त्याच आठवड्यात परत केले. हे मी ठासून सांगते, कारण माझ्याबद्दल वेगळे बोलणारेही काही निघाले आहेत.

१ एप्रिल २०२० पासून देशात सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याने औषधाच्या व्याख्येत आली आहेत आणि वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ त्यांना लागू आहेत. परदेशी धागा विकणाऱ्याकडे आयातदाराचा एमडी-१५ नमुन्यातला परवाना मागा, आणि तो स्वतः विक्रीसाठी नोंदलेला आहे का ते विचारा. ‘पाठवतो’ म्हणाला तर ते येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

आता सरकारी यंत्रणांविषयी. पोलीस ठाण्यात मी बदललेली लेबले, बिले, बँकेचे उतारे, संभाषणांच्या प्रती असे सगळे व्यवस्थित लावून नेले. अधिकाऱ्यांनी फाइल उघडण्याआधीच सांगितले, “मॅडम, माल मिळाला, ट्रेनिंग झालं, मग फसवणूक कुठे? हे दिवाणी प्रकरण आहे.” मुदत संपलेल्या मालावर खोटी तारीख चिकटवून तो विकणे हा कराराचा वाद कसा असू शकतो, याचे उत्तर मला कोणी दिले नाही. फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून असावा लागतो, असे मला ऐकवण्यात आले. तारखेवर चिकटवलेल्या लेबलाहून अधिक स्पष्ट हेतू कोणता असतो? पोलिसांच्याच दुसऱ्या शाखेने रक्कम त्यांच्या मानाने लहान असल्याचे सांगितले. सायबर फसवणुकीचा १९३० हा क्रमांक मी लावला, पण तोपर्यंत खाते रिकामे झाले होते. पैसे गेल्याचे कळताच पहिल्या काही तासांत तो लावला तरच रक्कम गोठवली जाण्याची आशा असते. बँकेने तर फॉर्मवर माझीच सही असल्याचे दाखवून दिले. पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नावावर नाही, हे मला तेव्हा ऐकवण्यात आले. पैसे भरताना कोणी ऐकवले नव्हते.

ज्या कार्यालयाकडे औषधे आणि उपकरणांवर देखरेख ठेवण्याचे काम आहे, तिथला अनुभव मला सर्वांत जास्त लागला. मी तिथे पैसे परत मागायला गेलेच नव्हते. हेच धागे आणखी किती क्लिनिकमध्ये गेले असतील, कोणाच्या तरी गालात आज जात असतील, एवढेच सांगायला गेले होते, आणि पाकिटे सोबत नेली होती. माल दिल्लीहून आला आहे, तिकडे कळवा, असे मला सांगण्यात आले. नमुना घेतला नाही. अर्जाची पोच मागितली तेव्हा संबंधित साहेब दौऱ्यावर होते. माझ्यासोबत प्रशिक्षणाला बसलेल्या त्या पार्लरवाल्या बायकांनी धागे वापरले का, हे शोधण्याचे काम जर त्या कार्यालयाचे नसेल, तर ते कोणाचे आहे?

ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ धरला जात नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतली असेल तर सूट आहे, पण पगारी माणसे ठेवणाऱ्या क्लिनिकला ती मिळवणे कठीण जाईल, असे वकिलांचे मत पडले. म्हणजे पोलिसांच्या लेखी मी व्यापारी, म्हणून वाद दिवाणी. आणि ग्राहक कायद्याच्या लेखीही मी व्यापारी, म्हणून संरक्षण नाही. या टोळ्या आपल्यासारख्या लहान क्लिनिककडेच का येतात, ते यावरून समजून घ्यावे. मोठ्या रुग्णालयात खरेदी विभाग असतो आणि परवाने तपासले जातात. रुग्णाकडे ग्राहक कायदा असतो. आपल्याकडे यातले काहीच नसते.

तरी तक्रार तोंडी ठेवू नका. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी त्याची माहिती नोंदवून घेणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार बंधनकारक आहे, आणि ठाण्याने नकार दिला तर तीच तक्रार टपालाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे पाठवता येते व त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. मी आता त्याच मार्गाने जात आहे. अर्जात भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीविषयीच्या कलम ३१८ चा स्पष्ट उल्लेख करा आणि दिवाणी वादाच्या आक्षेपाचे उत्तर पहिल्याच परिच्छेदात द्या.

तक्रारीनंतर एका नव्या क्रमांकावरून मला फोन आला. कंपनीचे ‘नवे व्यवस्थापन’ ठरलेल्या ७० टक्के दराने माल परत घेणार आहे, त्यासाठी सर्व खोकी आधी कुरिअरने पाठवा आणि प्रक्रिया शुल्काचे ११,८०० रुपये भरा, असे बाई अतिशय सौजन्याने सांगत होत्या. पैसे गेल्यावर परतीच्या आशेने माणूस पुन्हा देतो, हे त्यांना पक्के माहीत असते; पण त्यांना ११,८०० रुपयांपेक्षा खोकी अधिक हवी होती, कारण खोट्या लेबलांचा दुसरा कोणताही पुरावा जगात नाही. ज्यांच्याकडे असा माल पडून आहे त्यांनी एकही पाकीट परत पाठवू नये, फेकूही नये. प्रत्येक खोक्याचे बॅच क्रमांकासह छायाचित्र घ्यावे आणि लेबल सोडवताना दोन साक्षीदारांसमोर चित्रण करावे. माझी खोकी मी थंड खोलीत मोहोरबंद करून ठेवली आहेत आणि पंचनामा करून ती ताब्यात घ्यावीत, असा लेखी अर्ज दिला आहे. या वेळी पोच हातात घेतल्याशिवाय मी तिथून उठले नाही.