धुऱ्याचा दावा आणि सत्र न्यायालयाची शिक्षा: नागपूर खंडपीठातील दोन अपिले

विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांतील अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात पोहोचतात, पण धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादाचे अपील आणि शिक्षेविरुद्धचे अपील तिथे एकाच पद्धतीने तपासले जात नाही.

सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध 60 दिवसांत (फाशीच्या शिक्षेत 30) अपील केल्यास उच्च न्यायालय सारा साक्षीपुरावा नव्याने पारखते. कैद्याला तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवता येते. गडचिरोलीच्या दुर्गम गावातील कुटुंबासाठी ही सोय मला फार मोलाची वाटते.

जमिनीच्या दाव्यात मात्र तालुक्याच्या न्यायालयाच्या निकालावर पहिले अपील बहुधा जिल्हा न्यायालयात, 30 दिवसांत करावे लागते आणि पुराव्याची खरी फेरतपासणी तिथेच होते. त्यानंतरचे नागपूरचे दुसरे अपील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 नुसार केवळ कायद्याच्या सारभूत, म्हणजे निकालावर परिणाम करणाऱ्या महत्त्वाच्या, प्रश्नावर ऐकले जात असल्याने, मोजणीचा नकाशा किंवा साक्षीदार पुढे कधीतरी आणू, या भरवशावर शेतकऱ्याने मुळीच राहू नये. शिवाय नुसत्या अपिलाने हुकूमनाम्याची (दाव्याच्या निकालातील आदेशाची) अंमलबजावणी थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे पक्षकार आणि कोठडीतील व्यक्ती यांना दोन्ही प्रकारांत विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो.