गादीची घरपोच सफाई: धूळ निघते, ओल मागे राहते

घरी येऊन गादी साफ करून देणाऱ्या सेवा आता मुंबईच्या जवळजवळ प्रत्येक उपनगरात मिळतात. गणपतीच्या आधी घराची झाडलोट सुरू असताना मुलुंडच्या आमच्या घरी अशाच एका सेवेकडून दोन गाद्या साफ करून घेतल्या. एक सहा इंच जाडीची फोमची डबल गादी आणि दुसरी सासूबाईंच्या खोलीतली काथ्याची सिंगल गादी. सासूबाईंना धुळीची ॲलर्जी आहे, त्यामुळे हा खर्च हौसेचा नव्हता. कंपनीचे नाव देत नाही, कारण ज्या त्रुटीबद्दल लिहायचे आहे ती कामाच्या पद्धतीतच आहे आणि चौकशी केलेल्या इतर ठिकाणीही हीच पद्धत ऐकायला मिळाली.

काम दोन टप्प्यांत झाले. पहिला टप्पा कोरड्या व्हॅक्यूमचा, आणि त्याबद्दल मनापासून चांगलेच लिहायला हवे. यंत्राच्या तोंडाशी फिरणारा ब्रश होता. तो गादीचे कापड आपटत जातो आणि सुटलेली धूळ त्याच वेळी आत ओढली जाते. सुरुवातीला कामगाराने नळी आणि तोंड यांच्यामध्ये काळ्या कापडाचा तुकडा अडकवला, उशीकडच्या बाजूला यंत्र काही वेळ फिरवले आणि कापड काढून दाखवले. त्यावर मैद्यासारख्या बारीक, राखाडी धुळीचा गोल जाड थर बसला होता. ही गादी दर आठवड्याला चादर बदलताना झटकली जाते आणि वरून अगदी स्वच्छ दिसत होती. शिवणीच्या कडा आणि टाक्यांचे खळगे त्या माणसाने अरुंद तोंड लावून सावकाश साफ केले, घाई केली नाही. यंत्राला हेपा फिल्टर होता, हेही महत्त्वाचे. ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण हा फिल्टर अडवतो. साध्या यंत्रातून बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येते आणि ॲलर्जीच्या माणसाला सफाईनेच त्रास होतो.

या धुळीत खरा त्रास डस्ट माइटचा असतो. हा कोळ्याच्या कुळातला, जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा मिलिमीटर लांबीचा जीव आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. तो चावत नाही. त्याच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे शिंका, डोळ्यांची खाज आणि दमा असलेल्यांना धाप लागते. त्याच्याविषयी मुंबईकराने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, ती ही की तो पाणी पीत नाही, हवेतली आर्द्रता अंगात शोषून घेतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली तर तो तग धरू शकत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या आसपास आणि अनेकदा त्याहूनही वर असते. म्हणजे हा जीव कमी करायचा तर गादी स्वच्छ असणे पुरत नाही, ती कोरडी असावी लागते.

आणि नेमके इथेच दुसऱ्या टप्प्याने घात केला. गादीवर शाम्पूचा फेस फवारला, ब्रशने घासला आणि ओल्या व्हॅक्यूमने पाणी ओढून घेतले. चहाचा डाग जवळजवळ गेला. मुलाच्या लहानपणीचा लघवीचा डाग मात्र फिकट होऊन तसाच राहिला. अशा जुन्या डागावर साध्या शाम्पूचा फारसा उपयोग होत नाही, त्याला एन्झाइम असलेले द्रावण लागते. ते त्यांच्या पेटीत नव्हते. गादी चार तासांत वाळेल, पंखा लावून ठेवा, असे सांगून ती माणसे गेली. बाहेर पाऊस कोसळत होता. वरचे कापड रात्रीपर्यंत हाताला कोरडे लागू लागले, पण चारपदरी घडी केलेला सुती पंचा ठेवून तळहाताने जोर देऊन दाबून धरला तर तो दमट होऊन येत असे. दुसऱ्या दिवशी कुबट वास येऊ लागला. शेवटी गादी भिंतीला उभी टेकवून, दारे-खिडक्या लावून एसी ‘ड्राय’वर चालवला, तेव्हा कुठे ती सुकली. काथ्याची गादी मोकळ्या तंतूंची असल्याने हवा तिच्यातून खेळते. ती उभी केल्यावर बरीच लवकर वाळली. फोमचे तसे नाही. त्याच्या आत उतरलेले पाणी व्हॅक्यूमला पुरते ओढता येत नाही, आणि गादी प्लायवूडच्या बंद बॉक्सच्या पलंगावर असेल, जशी ती आपल्या लहान घरांत बहुधा असते, तर खालून हवाच लागत नाही आणि तळाशी बुरशीचे काळे ठिपके धरतात.

नोंदणी करताना मला फक्त गादीचा आकार विचारला गेला. ती कशाची आहे, पलंगाखाली हवा आहे का, घरात एसी आहे का, यांपैकी एकही प्रश्न आला नाही. उलट पावसाळ्याची खास सवलत होती. ज्या शहरात मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावर जातो, तिथे चार महिने तीच पद्धत, तेवढेच पाणी आणि तेच चार तासांचे आश्वासन देणे बेजबाबदारपणाचे आहे. आमच्या भागातले गादीवाले कापसाच्या गाद्या पिंजण्याचे काम पावसात हाती घेत नाहीत. कापूस ओल धरतो, पिंजून फुलत नाही, असे ते सरळ सांगतात आणि दिवाळीच्या आधी या म्हणतात. कापसाच्या गादीच्या बाबतीत आजही त्यांच्याइतके चोख काम दुसरे कोणी करत नाही. ते खोळ उसवतात, गठ्ठे झालेला कापूस मोकळा करतात, त्यातली धूळ उडवून लावतात आणि नवी खोळ घालून टाके मारून देतात. फोमसाठी असा मार्ग नाही, म्हणून यंत्राची सेवा लागते, हे मान्य. पण ऋतू पाहून काम घ्यावे, एवढी अपेक्षा तिच्याकडूनही ठेवायला हरकत नाही.

शेवटी निळसर अतिनील दिवा गादीवरून फिरवून ‘जंतू मारले’ असे सांगण्यात आले. हा प्रकाश कापडाच्या आत शिरत नाही आणि वरच्या वरही परिणाम व्हायला एका जागी पुरेसा वेळ द्यावा लागतो. भरभर फिरवलेल्या दिव्याचे वेगळे १५० रुपये लावले होते. ते देऊ नयेत. ढेकणांसाठीही ही सेवा बोलावू नये. त्यांची अंडी शिवणीत आणि पलंगाच्या सांध्यांत घट्ट चिकटलेली असतात, ढेकूण अनेक महिने उपाशी राहू शकतात, आणि ते काम पेस्ट कंट्रोलवाल्यांचे आहे.

घरी करण्यासारखे बरेच आहे. चादरी आणि अभ्रे ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुतले तर माइट मरतात. वास येत असेल तर खाण्याचा सोडा पसरून काही तासांनी तो व्हॅक्यूमने काढावा; आंबट वास बराच कमी होतो. रक्ताचा डाग थंड पाण्यानेच टिपावा, गरम पाण्याने तो पक्का बसतो. कापसाची गादी गच्चीवर कडक उन्हात टाकावी, पण फोम आणि लॅटेक्स उन्हात ठेवू नये, कारण अतिनील किरणांनी ते पिवळे पडतात आणि भुगा होऊ लागतात. त्यांना सावलीतला वारा द्यावा. नव्या इमारतींत गच्चीला कुलूप असते आणि डबल गादी लिफ्टमध्ये मावत नाही, त्यामुळे खिडकीपाशी गादी उभी करून ठेवणे हाच बहुतेकांना जमणारा उपाय आहे.

दोन्ही गाद्यांचे मिळून १,९०० रुपये झाले, त्यातला निम्म्याहून अधिक भाग शाम्पूचा. नुसत्या कोरड्या व्हॅक्यूमचा दर त्यांच्या यादीत छापलेला नसतो, पण फोनवर विचारल्यास सांगतात. आम्हाला सिंगल गादीला ३५० आणि डबलला ५०० सांगितला. तेवढ्या कामासाठी मी त्यांना पुन्हा बोलावणार आहे. सासूबाईंच्या सकाळच्या शिंका त्या आठवड्यापासून कमी झाल्या आहेत, आणि त्यांच्या गादीला आता माइट न शिरणारी, चेन लावून बंद होणारी घट्ट विणीची खोळ घातली आहे. शाम्पू करायचाच असेल तर ऑक्टोबरचे ऊन पडू लागल्यावर, सकाळची पहिली वेळ मागून घ्यावा.