‘हार्ड डिस्क क्रॅश झालीय’ असं सांगून बाबांकडून ११,५०० रुपये उकळले

माझे बाबा निवृत्तीनंतर साताऱ्यात घरूनच दिवाळी अंकांचे संच पोचवायचं काम करतात. वाचकांनी अंक निवडायचे, बाबांनी ते पुण्या-मुंबईच्या वितरकांकडून मागवायचे, गठ्ठे बांधायचे आणि दिवाळीच्या आत कुरिअरने किंवा पोस्टाने रवाना करायचे. सहाशेच्या वर वाचक आहेत. पार बेळगाव, बडोदा, इंदूरपर्यंत. या सगळ्यांची नावं, पत्ते आणि फोन नंबर बाबांच्या संगणकावर आउटलुकमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ईमेल आणि पत्ते ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये आहेत. नुसते पत्तेच नाहीत, तर प्रत्येक नावाखाली बाबांनी स्वतः टाइप केलेली टीपही असते. ‘दुपारी दोन ते चार फोन नको.’ ‘वडील वारले, यापुढे अंक मुलीच्या पत्त्यावर, ठाणे.’ ‘डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, बारीक टाइपाचे अंक देऊ नयेत.’ त्यांची अनेक वर्षांची मेहनत आहे ती.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये, गणपती उठून पितृपक्ष सुरू झाला होता तेव्हा, एका संध्याकाळी दोन-तीनदा लाइट गेली-आली आणि संगणक सुरूच होईना. दिवाळी त्या वर्षी ऑक्टोबरात होती, म्हणजे याद्या पक्क्या करायचे हेच दिवस. बाबांनी दुसऱ्याच दिवशी सीपीयू उचलून गावातल्या एका रिपेअरिंगच्या दुकानात नेला. सोबत बॅकअपची डीव्हीडीही नेली. दर वर्षी दिवाळीचं काम उरकलं की ते आउटलुकची पीएसटी फाइल, म्हणजे हा सगळा मजकूर जिच्यात साठतो ती फाइल, डीव्हीडीवर उतरवून ठेवतात. आदल्या वर्षीची डीव्हीडी जागेवर होती. म्हणजे काहीच मिळालं नसतं तरी त्या वर्षीचे नवे वाचक सोडून बाकी सगळे पत्ते बाबांच्या पिशवीत होते.

इथूनच फसवणूक सुरू झाली.

दुकानदाराने सीपीयू जोडून पाहिला आणि म्हणाला, ‘काका, हार्ड डिस्क क्रॅश झालीय. आतली हेड घासतायत. विंडोज १० बंद होतंय ना ऑक्टोबरात, जुन्या मशिनी अशाच जाणार आता.’ (हेड म्हणजे डिस्कवरचा डेटा वाचणारा भाग.) यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे आणि त्या दिवसांत ते अनेकांना ऐकवलं गेलं, म्हणून सांगते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. त्याचा अर्थ नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. त्यामुळे कुणाचीही डिस्क मरत नाही आणि संगणकही बंद पडत नाही.

मग बाबांनी डीव्हीडी पुढे केली. त्याने ती आपल्या संगणकात घातली आणि पीएसटी फाइल थेट डीव्हीडीवरूनच आउटलुकमध्ये उघडली. स्क्रीनवर एररचा चौकोन आला. तो बाबांकडे फिरवून म्हणाला, ‘बघा, बॅकअप पण करप्ट.’

हा क्षण मी नीट उलगडून सांगणार आहे, कारण सगळा डाव इथे आहे. आउटलुक पीएसटी फाइल उघडतं तेव्हा त्याला त्या फाइलमध्ये लिहायची मुभा लागते. डीव्हीडी फक्त वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. त्यामुळे डीव्हीडीवरून थेट उघडलेली पीएसटी, ती कितीही धडधाकट असली, तरी आउटलुक नाकारतंच. त्या चौकोनात फाइल खराब आहे असं लिहिलेलं नसतं, फाइल वापरायची परवानगी नाही असं लिहिलेलं असतं. फाइल डीव्हीडीवरून संगणकावर कॉपी करायची, तिच्यावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड-ओन्ली’ची खूण असेल तर काढायची आणि मग उघडायची. एवढंच काम. रोज संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. इंग्रजी एरर दाखवून सत्तरीच्या माणसाला ‘करप्ट’ म्हणून सांगणं ही चूक नव्हे.

दर असा सांगितला: डिस्क मुंबईच्या लॅबमध्ये जाणार, क्लीन रूममध्ये, म्हणजे धूळ नसलेल्या खोलीत उघडणार, १४,००० रुपये, निम्मे आधी. बॅकअपची फाइल दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरचे ४,५०० रुपये वेगळे, ते सगळे आधी. वर, ‘उशीर केलात तर प्लॅटरवर चरे पडतील, मग देव पण काही करू शकणार नाही.’ (प्लॅटर म्हणजे डिस्कमधली डेटा साठवणारी तबकडी.) बाबांनी ७,००० आणि ४,५०० मिळून ११,५०० रुपये यूपीआयने दिले. हातात आली एक चिठ्ठी, तिच्यावर ‘लॅब चार्जेस’ एवढंच. दुकानाचा जीएसटी नंबर नाही, डिस्कचा सिरियल नंबर नाही, काम कोणतं याचा उल्लेख नाही.

आता त्या ४,५०० रुपयांबद्दल. पीएसटी फाइल खरोखरच बिघडली तर ती दुरुस्त करायचं स्कॅनपीएसटी नावाचं साधन आउटलुकसोबतच येतं, फुकट. ते आउटलुक ज्या फोल्डरमध्ये बसवलेलं असतं तिथेच असतं. फार मोठी मोडतोड त्याच्याने निघत नाही हे खरं, पण पहिला प्रयत्न त्याचाच करायचा असतो.

आठवडाभराने बाबांच्या व्हॉट्सॲपवर एक फोटो आला: फोल्डरांची यादी, त्यात ‘दिवाळी २०२४’, ‘पार्सल हिशेब’, ‘वाचक’. बाबांचा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ निरोप, डेटा सापडलाय पण तो बाहेर काढायला लायसन्स घ्यावं लागेल, आणखी ६,५०० लागतील, शिवाय उरलेले ७,०००. मग ‘लॅबमधून बोलतोय’ असं सांगणाऱ्या एकाचा फोन. त्याने बाबांना मोबाइलवर स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला सांगितलं. म्हणे तुमच्या सगळ्या फाइल्स तुम्हाला लाइव्ह दाखवतो, पटलं की तिथेच पैसे पाठवा.

आई शेजारीच गवार निवडत बसली होती. ती म्हणाली, ‘बिघडलाय कंप्युटर ना? मग मोबाइलमध्ये कशाला शिरतोय तो?’ तिने बाबांच्या हातातून फोन घेतला, कट केला आणि मला लावला. त्या फोनमध्ये बाबांचं पेन्शनचं खातं जोडलेलं आहे. अशा ॲपमधून समोरच्याला आपली स्क्रीन दिसते, ओटीपीही दिसतो आणि परवानगी मिळाली तर फोन त्याला तिथून चालवताही येतो. एनीडेस्कसारखी ॲप वापरून यूपीआयमधून पैसे काढले जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. ही ॲप मुळात वाईट नाहीत, ऑफिसात आम्हीही वापरतो. पण अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून बँकेच्या फोनमध्ये ती टाकायची नाहीत, कारण कोणतंही दिलं तरी.

शनिवारी मी पुण्याहून गेले आणि बाबांना घेऊन दुकानात गेले. डिस्क परत मागितली. आधी उत्तर आलं की ती मुंबईला आहे. मी म्हटलं, मग कुरिअरची पावती द्या. जरा वेळाने डिस्क आतल्या खोलीतून आली.

घरी टेबलावर ठेवून मी ती चांगली निरखली. हार्ड डिस्कच्या झाकणाचे स्क्रू असतात, त्यांतल्या एखाद्यावर बहुतेकदा कंपनीचं सील असतं आणि ते फाडल्याशिवाय झाकण उघडत नाही. सील जसंच्या तसं होतं, कडासुद्धा उचललेली नव्हती. क्लीन रूममध्ये ही डिस्क कुणी उघडलेलीच नव्हती. मग साटा ते यूएसबी केबलने ती माझ्या लॅपटॉपला जोडली. ही केबल पाचशे-सहाशे रुपयांत मिळते. डिस्क शांतपणे फिरायला लागली, कसलाही टकटक आवाज नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम लावला, तर डिस्कची तब्येत ‘गुड’ आणि खराब होऊन बदललेल्या सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या साठवणीच्या कप्प्यांचा, आकडा शून्य. बाबांच्या नावाचा फोल्डर उघडताना विंडोजने परवानगी विचारली, ‘कंटिन्यू’ दाबलं आणि डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’ फोल्डरात पीएसटी होती. लॅपटॉपवर कॉपी केली, आउटलुकमध्ये डेटा फाइल म्हणून उघडली. सगळे वाचक, सगळ्या टिपांसकट. डीव्हीडीवरची फाइलही कॉपी करून उघडली, तीही पहिल्या झटक्यात उघडली.

झालं इतकंच होतं की लाइटच्या खेळात विंडोज सुरू करणाऱ्या फाइल्स बिघडल्या होत्या. गाडीची किल्ली मोडली म्हणून गाडीतलं सामान चोरीला जात नाही, तसंच हे. संगणक सुरू न होणं वेगळं आणि डेटा जाणं वेगळं, आणि ‘क्रॅश’ हा एकच शब्द दोन्हींना वापरून या लोकांचा धंदा चालतो. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली की दहा मिनिटांत कळतं, दोन्हींपैकी काय झालंय ते. किंवा लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीचा) पेन ड्राइव्ह करून त्याच संगणकावर डिस्क उघडता येते. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर मात्र ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जतन झालेली असते, दुकानदाराला विकत मागायची वस्तू नाही ती.

खऱ्या लॅब असतात आणि त्यांचं काम खरोखर अवघड असतं, हेही सांगायला हवं. डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर ती ताबडतोब बंद करायची, घरी काही प्रयोग करायचे नाहीत. तिथे हेड बदलायला तशीच दुसरी डिस्क लागते आणि खर्च मोठा येतो. पण नीट काम करणारे लोक आधी तपासणी करून लेखी अंदाज देतात आणि पावतीवर डिस्कचा सिरियल नंबर लिहितात. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क असेल तर आणखी एक फरक पडतो: पुसलेली फाइल तिथून परत मिळायची शक्यता ट्रिममुळे (पुसलेल्या फाइलची जागा डिस्क आपणहून रिकामी करते त्यामुळे) फार कमी असते, त्यामुळे ‘फॉरमॅट झालं तरी शंभर टक्के काढून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

दुकानदाराने पैसे परत द्यायला साफ नकार दिला. ‘चेकिंग केलं ना’ म्हणे. त्या फोनवाल्याचा नंबर आम्ही संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’मध्ये नोंदवला. फसवणुकीचा नुसता संशय असलेले कॉल आणि मेसेज तिथे कळवतात. ऑनलाइन फसवणुकीत खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र वेळ न घालवता १९३० ला फोन करायचा, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत गोठवता आले तरच परत मिळायची आशा असते.

दुकानाविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. ग्राहक पंचायतीच्या एका कार्यकर्त्यांनी मसुदा तपासून दिला. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करता येते. बाबांचं काम हा धंदा आहे, त्यामुळे ते ग्राहक ठरतात का, अशी मला शंका होती. त्या कार्यकर्त्यांनी सांगितलं की स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः राबून केलेलं काम २०१९ च्या कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येत बसतं. निकाल अजून यायचा आहे.

पैशांपेक्षा मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. सहाशे घरांचे पत्ते, फोन नंबर, कुणाकडे कोण वारलं, कोण एकटं राहतं, हे सगळं इतके दिवस परक्या माणसाच्या हातात होतं. त्याने कॉपी करून ठेवलं का, हे आम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून बाबांनी प्रत्येक वाचकाला कळवलं की दिवाळी अंकांच्या नावाने दुसरा कुठलाही क्यूआर कोड आला तर पैसे पाठवू नका, नेहमीच्याच खात्यावर पाठवा आणि आधी आम्हाला फोन करा. फोन नसलेल्यांना पोस्टकार्डं गेली.

आता पीएसटीसोबत यादीची एक सीएसव्ही फाइलही निघते. ती आउटलुक नसलं तरी कुठल्याही संगणकात उघडते, नोटपॅडमध्येसुद्धा. एक प्रत माझ्याकडे, एक बाबांच्या पेन ड्राइव्हवर, आणि दर महिन्याला त्यातली एक प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायची.

अशीच मोघम पावती कुणाला मिळाली असेल तर ती टाकू नका. डिस्क परत घेताना दुकानातच सीलचा आणि सिरियल नंबरचा फोटो काढा. यूपीआयचा व्यवहार, व्हॉट्सॲपचे निरोप आणि फोनची वेळ यांचे स्क्रीनशॉट काढून दुसरीकडे जपून ठेवा. आमच्या तक्रारीला जोडलेले सगळे पुरावे एवढेच आहेत.