लॅपटॉप, यूएसबी आणि सिनेमाचा प्रोजेक्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

सिनेमागृहातल्या डिजिटल प्रोजेक्टरला यूएसबीने लॅपटॉप जोडता येतो का, असं मला वरचेवर विचारलं जातं. गेले काही महिने आमच्या चित्रपट मंडळाचे खेळ, लघुपटांचे कार्यक्रम आणि दिग्दर्शकांशी गप्पा याच जोडणीवर चालू आहेत, त्यामुळे आता खात्रीने सांगतो. जोडता येतो आणि छान चालतो. फक्त यूएसबी नेमकी कुठल्या टोकाला, हे आधी स्पष्ट हवं.

प्रोजेक्टरवर किंवा त्याच्या सर्व्हरवर (चित्रपट साठवून चालवणाऱ्या संगणकावर) यूएसबीचं पोर्ट दिसतं, त्यात लॅपटॉपची केबल खुपसून पडद्यावर काहीही येत नाही. ते पोर्ट डीसीपी (सिनेमागृहात चालणाऱ्या चित्रपटाच्या फाइलींचा संच) आत भरायला, केडीएम (एन्क्रिप्ट केलेला डीसीपी उघडणारी डिजिटल किल्ली) चढवायला, लॉग म्हणजे मशीनच्या नोंदी उतरवून घ्यायला असतं. चित्र घेणारी पोर्ट वेगळी असतात. जुन्या मशीनवर डीव्हीआय आणि एचडी-एसडीआय (टीव्हीच्या तारेसारख्या कोॲक्स केबलवरून चित्र नेणारी जोडणी), तर आत मीडिया ब्लॉक (डीसीपी उलगडून चित्र देणारं कार्ड) बसवलेल्या मशीनवर बहुधा एचडीएमआय. म्हणजे आपली यूएसबी लॅपटॉपच्या बाजूला राहते आणि प्रोजेक्टरपर्यंत पोचतं ते एचडीएमआय.

लॅपटॉपचं यूएसबी-सी पोर्ट दिसायला सगळीकडे सारखंच, पण प्रत्येकातून चित्र बाहेर पडतं असं नाही. त्यासाठी डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड, म्हणजे यूएसबी-सी मधूनच चित्राचा सिग्नल पाठवायची सोय, लागतो. ही सोय २०१४ मध्ये जाहीर झाली, तरी आजही कित्येक लॅपटॉपवर एका सी-पोर्टला ती असते आणि शेजारच्याला नसते. पोर्टजवळ डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टच्या विजेची खूण आहे का बघा, नाहीतर मॉडेलची माहिती वाचा. अल्ट मोड असेल तर साधा यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर पुरतो, कारण चित्र थेट ग्राफिक्स चिपमधून येतं.

दुसरी जात आहे ड्रायव्हर घालून साध्या यूएसबी-ए मधून चित्र काढणाऱ्या अडॅप्टरची. त्यात लॅपटॉप प्रत्येक फ्रेम दाबून पाठवतो आणि पलीकडे ती पुन्हा उलगडली जाते. स्लाइड्सना चालतं. सिनेमाला मी ते कधीही लावणार नाही. कॅमेरा आडवा फिरला की मोठ्या पडद्यावर मध्येच फ्रेम गळलेली स्पष्ट दिसते, आणि प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला तर आणखीच.

हलत्या चित्राबद्दल आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि लॅपटॉप बहुतेक वेळा ६० हर्ट्झवर. भागाकार पूर्ण लागत नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवली जाते. लॅपटॉपच्या पडद्यावर हे लक्षातही येत नाही. पण सिनेमाच्या पडद्यावर शेवटची श्रेयनामावली वर सरकताना अक्षरं हिसके देतात. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन २४ हर्ट्झ निवडा, २५ फ्रेमची फाइल असेल तर ५०. आम्ही हे करायला लागलो तेव्हापासून लघुपट करणारी मुलं स्वतःहून येऊन सांगतात की चित्र शांत दिसतं.

रंगांचंही तसंच. डीसीपीचे रंग एक्सवायझेड या सिनेमाच्या रंगपद्धतीत आणि गॅमा (उजेड-अंधाराचा चढ) २.६ चा, तर लॅपटॉपवरची फाइल रेक. ७०९ या टीव्ही-व्हिडिओच्या रंगमानकात. त्यामुळे प्रोजेक्टरवर लॅपटॉपसाठी वेगळं प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग) हवंच. बार्को कंपनीच्या प्रोजेक्टरवर त्याला मॅक्रो म्हणतात, क्रिस्टीच्या प्रोजेक्टरवर चॅनेल. ते तंत्रज्ञाकडून एकदा नीट बनवून घ्या. त्यात काळ्या-पांढऱ्याची रेंजही जुळायला हवी. लॅपटॉप ० ते २५५ पाठवतोय आणि प्रोजेक्टर १६ ते २३५ ची वाट बघतोय, तर रात्रीच्या दृश्यातला काळा कोट आणि मागची भिंत एकच होऊन जातात. उलट झालं तर काळा रंग राखाडी पडतो. मी खेळाआधी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पट्ट्यांचं चित्र लावतो आणि सगळ्यात गडद दोन पट्ट्या वेगळ्या दिसतात का, एवढंच बघतो.

पडद्याच्या आकाराचं फार मनावर घेऊ नका. सिनेमाच्या दोन नेहमीच्या आकारांपैकी कमी रुंद तो फ्लॅट, जास्त रुंद तो स्कोप. टू-के फ्लॅट म्हणजे १९९८ बाय १०८० पिक्सेल आणि लॅपटॉपचं चित्र १९२० बाय १०८०, म्हणजे दोन्ही कडांना ३९-३९ पिक्सेल काळे. मास्किंग, म्हणजे पडद्याच्या कडेचं काळं कापड, सरकवलं की संपलं. स्कोप फाइलचं मात्र वाईट वाटतं. डीसीपीत तिला २०४८ बाय ८५८ मिळतं, लॅपटॉपवरून वर-खाली काळ्या पट्ट्या जाऊन जेमतेम ८०० ओळी उरतात.

खरी कसरत आवाजाची. डीव्हीआयने जोडलं तर आवाज येतच नाही, तो लॅपटॉपमधून वेगळा काढून साउंड प्रोसेसरला द्यावा लागतो. हेडफोनच्या भोकातून काढण्यापेक्षा बॅलन्स्ड आउटपुट (वाटेत शिरणारी गुणगुण कापणारी जोडणी) असलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरचं साउंड कार्ड, घ्या. लॅपटॉपला चार्जर लावल्यावर येणारी गुणगुण त्याने बरीच कमी होते. तरीही राहिली तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. दुसरं म्हणजे फाइल स्टिरिओ असेल तर संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमधून येतात आणि कडेच्या खुर्चीवरच्या माणसाला नायिका पडद्याच्या मध्यात दिसत असली तरी जवळच्या भिंतीतून बोलताना ऐकू येते. प्रोसेसरमध्ये स्टिरिओतून मधला चॅनेल काढून देणारा मोड असेल तर संवादप्रधान चित्रपटाला तो लावाच. ओठ आणि आवाज पुढेमागे होत असतील तर प्रोसेसरवरच डिले मिलिसेकंदांत बदलता येतो.

जाहिरातीच्या डीसीपीवरून लॅपटॉपवर येताना प्रोजेक्टर इनपुट बदलतो. त्या क्षणी लॅपटॉपला वाटतं की दुसरा पडदा निघून गेला, आणि प्लेअरची खिडकी उडी मारून त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर येते. याला ईडीआयडी (पडदा लॅपटॉपला स्वतःची ओळख सांगतो ती माहिती) एम्युलेटर हा अंगठ्याएवढा डबा रामबाण आहे. केबलच्या मध्ये बसवला की पलीकडे काहीही झालं तरी लॅपटॉपला पडदा जोडलेलाच दिसतो. डिस्प्ले मिरर न करता एक्स्टेंड ठेवा, नोटिफिकेशन आणि स्लीप बंद करा. आणि एचडीएमआयची जाड केबल अडॅप्टरवर लोंबकळत ठेवू नका. तिच्या वजनाने सी-पोर्ट हळूहळू सैल होतं. आम्ही ती टेबलाच्या पायाला वेल्क्रोने बांधतो. लॅपटॉप मंचावर आणि प्रोजेक्टर केबिनमध्ये असेल तर साधी एचडीएमआय विसरा. ऑप्टिकल घ्या, तिला दिशा असते, ओढण्याआधी टोकं बघा. नाहीतर एचडी-एसडीआयचा कन्व्हर्टर लावा, चांगल्या कोॲक्सवर तो १०० मीटरच्या आसपास जातो.

एवढं सगळं जमूनही पूर्ण लांबीचा चित्रपट मी लॅपटॉपवरून दाखवणं टाळतो. डीसीपी-ओ-मॅटिक हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात डीसीपी बनवायचा आणि सर्व्हरच्या त्या यूएसबी पोर्टमधून आत भरायचा. एन्क्रिप्ट केला नाही तर केडीएमची गरज नाही. डिस्क ईएक्सटी२ किंवा ईएक्सटी३ मध्ये फॉरमॅट केलेली सगळ्यात बिनघोर, एनटीएफएसही बहुतेक सर्व्हर वाचतात, एक्सफॅटवर विसंबू नका. दीड तासाचा चित्रपट १०० मेगाबिट प्रतिसेकंदाने बनवला तर ६७ जीबीच्या आसपास होतो आणि यूएसबी २.० वरून तो उतरायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो, म्हणून डिस्क आदल्या दिवशीच मागवा. ऐन वेळी आलेले लघुपट, स्लाइड्स आणि गप्पांमधल्या क्लिप्स मात्र लॅपटॉपवरूनच, आणि त्यासाठी ही जोडणी मी कायमची ठेवली आहे.