जुन्या गाडीचा एसी: नुसता गॅस बदलायचा की सगळं उघडायचं?

नव्वदच्या सुरुवातीची मारुती १००० किंवा काँटेसा अजून सांभाळणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. एसी मुळात आर-१२ या थंडावा देणाऱ्या गॅसवर चालायचा. ओझोन थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारामुळे तो २०१० पर्यंत भारतातून हद्दपार झाला, म्हणजे आता त्याच्या जागी आर-१३४ए हा गॅस.

स्वस्तातला मार्ग असा: उरलासुरला गॅस मशीनने काढून घ्यायचा, व्हॅक्यूम करायचा (आतली हवा आणि ओल खेचून काढायची), नव्या गॅसशी जमणारं एस्टर ऑइल घालायचं, नव्या गॅसची नोझल बसवायची आणि जुन्या मापाच्या साधारण ८० ते ९० टक्केच गॅस भरायचा. अर्ध्या दिवसात गाडी हातात. पहाटे मस्त गारवा. मे महिन्यात दुपारी सिग्नलला उभे राहिलात की मात्र जाळीतून कोमट वारा. कारण आर-१३४ए चा दाब उन्हात जास्त चढतो आणि जुन्या कंडेन्सरला (गॅस थंड करणारा रेडिएटरसारखा भाग) तेवढी उष्णता बाहेर टाकणं झेपत नाही.

दुसऱ्या मार्गात पॅरलल फ्लो कंडेन्सर (बारीक समांतर नळ्यांचा, उष्णता लवकर टाकणारा), नवा ड्रायर (ओल शोषणारा डबा), ओ-रिंगा (सांध्यांतली रबरी सीलं) आणि आतून अस्तर असलेले पाइप. खर्च कितीतरी पट. पण जुन्या रबरी पाइपांतून हा गॅस हळूहळू झिरपतो, तो त्रास संपतो. आर-१२ सोबतचं जुनं मिनरल ऑइल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, म्हणून कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) उतरवून तेही ओतून टाकता येतं.

गाडी फक्त रविवारी निघत असेल तर पहिला मार्ग पुरे. रोज वापरत असाल तर दुसराच. ड्रायर मात्र दोन्हीकडे बदलाच. तिथे काटकसर नको.