पनीर की टोफू : रोजच्या भाजीसाठी काय आणावं?

दुकानदार टोफूला 'सोया पनीर' म्हणतो आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. दोन्ही पांढरी, दोन्ही चौकोनी, दोन्ही 'दूध' फाडून केलेली, फक्त टोफूचं दूध सोयाबीनचं. भाजीत एकाच्या जागी दुसरं चालतं, शरीराच्या हिशेबात मात्र काही बाबतीत चालतं आणि काही बाबतीत नाही.

आधी चरबी, कारण बहुतेक लोक टोफूकडे वळतात ते तिच्यामुळेच. म्हशीच्या दुधाच्या साध्या पनीरमध्ये १०० ग्रॅममागे १८-१९ ग्रॅम प्रथिनं आणि साधारण २० ग्रॅमच्या पुढे चरबी असते. त्या चरबीतला जवळपास दोन तृतीयांश भाग संपृक्त (सॅच्युरेटेड). यात डेअरीवाल्याचा दोष नाही. पाणी वगळून उरणाऱ्या भागात निदान ५० टक्के चरबी हवी, हा साध्या पनीरचा नियमच आहे. घट्ट टोफूत प्रथिनं १० ते १५ ग्रॅम, चरबी ५ ते ८ ग्रॅम आणि संपृक्त चरबी जेमतेम एक ग्रॅम. म्हणजे प्रथिनांत पनीर पुढे, पण त्या प्रथिनांसोबत येणारं ओझंही त्याचंच मोठं.

सोयाच्या प्रथिनांनी कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरतं, हे मात्र फार ताणून सांगितलं जातं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये 'रोज २५ ग्रॅम सोया प्रथिनं हृदयाला चांगली' असा दावा पाकिटावर छापायला परवानगी दिली. २०१७ मध्ये, पुरावे एका दिशेचे नाहीत म्हणून, तोच दावा मागे घेण्याचा प्रस्ताव त्यांनीच मांडला. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, उतरतं, पण ३-४ टक्क्यांच्या आसपास. खरा फायदा टोफूच्या अंगच्या गुणापेक्षा पनीरची चरबी ताटातून उतरते त्याचा असावा, असं वाटतं.

कॅल्शियमच्या बाबतीत टोफू-टोफूत फरक आहे, आणि तो पाकीट उलटून वाचल्याशिवाय कळत नाही. घटकांच्या यादीत ५१६ हा क्रमांक असेल तर तो कॅल्शियम सल्फेटने साकळलेला. हा कॅल्शियममध्ये पनीरच्या जवळपास जातो. ५११ म्हणजे मॅग्नेशियम क्लोराईड. चव गोडसर, पण कॅल्शियम बरंच कमी. ५७५ असेल तर पोत रेशमी, भाजीत टिकणार नाही. लिंबू किंवा व्हिनेगर घालून घरी केलेल्या टोफूत कॅल्शियम फक्त सोयाबीनचं, म्हणजे थोडंच. बी-१२ कुठल्याच टोफूत नैसर्गिकपणे नसतं. घरात अंडी-मासे नसतील आणि दूध-दहीही बंद करायचं असेल, तर बी-१२ ची वेगळी सोय केल्याशिवाय पनीर सोडू नका. थायरॉईडची गोळी चालू असेल, तर गोळी आणि सोया यांत तीन-चार तासांचं अंतर ठेवा. हे दुधालाही लागू आहे, पण ते कुणी सांगत नाही. पुरुषांनी सोया खाल्लं की हार्मोन बिघडतात ही भीती सोडून द्या. नेहमीच्या प्रमाणात तसं आढळलेलं नाही.

इथवर तराजू बराचसा समतोल म्हणता येईल. पारडं झुकतं ते सुट्या पनीरच्या कटकटीमुळे. परातीतून कापून दिलेला तुकडा पनीर आहे की ॲनालॉग, हे ओळखायची खात्रीची घरगुती सोय नाही. ॲनालॉग म्हणजे दूध पावडर, पामतेल आणि कधीकधी स्टार्च वापरून केलेला, पनीरसारखाच दिसणारा ठोकळा. तो विकणं बेकायदा नाही, पनीर म्हणून विकणं बेकायदा आहे. पण परातीला लेबल नसतं आणि हॉटेलातल्या रस्स्याला तर नसतंच. आयोडीनची चाचणी सगळे सांगतात : तुकडा पाण्यात उकळा, गार करा, दोन थेंब टाका, निळा झाला तर स्टार्च आहे. बरोबर, पण ही चाचणी फक्त स्टार्च पकडते. नुसतं पामतेल घातलेला तुकडा पांढराच राहतो आणि पास होतो. तव्यावर तेल सुटणं, दातांखाली रबरासारखं लागणं या खुणा नुसत्या अंदाजाच्या, कारण कमी चरबीचं अस्सल पनीरही रबरासारखंच लागतं. दुधाचं म्हणून पैसे मोजायचे आणि पोटात पामतेल जायचं, हे काही पटत नाही. पाकीटबंद पनीर आणलं तर ही तक्रार बरीचशी मिटते, आणि एक लिटर दुधाचं घरी केलं तर पूर्ण मिटते. तरी चरबीचा हिशेब आहे तिथेच राहतो.

टोफूचा दोष एकच, पण भाजी बिघडवणारा : पाणी. पाकिटातून काढून थेट रस्स्यात टाकला की रस्सा पातळ होतो, तुकडा आतून फिका राहतो आणि घरचे म्हणतात, खडू खाल्ल्यासारखं लागतं. त्यावर दोन उपाय. घाईत असाल तर दोन बोटं जाडीचे काप पंच्यात गुंडाळून वर दीड किलोचं वजन २० मिनिटं ठेवा. वेळ असेल तर अख्खी वडी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी वितळवा आणि तळव्यांमध्ये दाबून पिळा. बर्फाच्या कणांनी आत जाळी पडलेली असते, ती मसाला स्पंजासारखी ओढून घेते. फोडलेल्या पाकिटातला उरलेला टोफू पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला, तीन दिवसांत संपवा. हात लावल्यावर बुळबुळीत लागला तर फेकून द्या.

लातूरकडच्या सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलमागे ५,३२८ रुपये होता, म्हणजे किलोला त्रेपन्न. हा आकडा पाहिला की घरी टोफू करून बघावासा वाटतो. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवा, पाणी फेका, सालं चोळून काढा. वाटताना पाणी उकळतं घाला. गार पाण्यात वाटलं की कच्च्या सोयाचा तो उग्र वास सुटतो आणि मग कशानेच जात नाही. एकूण पाणी दोन लिटर. पातेलं दुप्पट मोठं घ्या, फेस क्षणात ओट्यावर येतो. मंद आचेवर १५ मिनिटं उकळा. कच्चं राहिलं तर पचनाला अडथळा आणणारे घटक तसेच राहतात. फडक्यातून गाळा, ७५-८० अंशांवर येऊ द्या, मग अर्धा कप पाण्यात कालवलेले दोन सपाट चमचे खाण्याचं कॅल्शियम सल्फेट घाला. खाण्याचंच, हार्डवेअरच्या दुकानातलं नाही. एकदाच हलवा आणि झाका. पंधरा मिनिटांत वरचं पाणी निवळ पिवळसर दिसलं पाहिजे. दुधट राहिलं तर अजून अर्धा चमचा लागेल, फार ढवळलं तर टोफू रवाळ होऊन कापताना भुगा पडेल. फडक्यात ओतून वजनाखाली अर्धा तास ठेवलं की साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास वडी निघते.

अर्धा दिवस जातो, हे खरं. पनीर वीस मिनिटांत होतं. सणाला, पाहुण्यांना पनीर मसालाच करावा, तिथे टोफूने तोंडघशी पडायला होतं. पण आठवड्यातून तीनदा पालकात, भुर्जीत, डब्यातल्या पराठ्यात काहीतरी पांढरं घालायचंच असेल, तर ५१६ वाचून घेतलेला टोफू अधिक बरा. घरी केलात तर फडक्यात राहिलेला चोथा त्याच दिवशी थालीपिठाच्या भाजणीत मळून टाका, तो फ्रिजमध्येही लवकर आंबतो.